सत्तावीस नंबरची कुंडी

ओव्हनचा नॉब मी एकशे पाचवर फिरवला, दार लावलं आणि शिट्टी वाजवत घरी गेलो.

चूक एवढीच. नगरकडच्या एका ज्वारी संशोधन केंद्रावर बारा वर्षं काढली की माणसाच्या हातात काही गोष्टी कायमच्या बसतात. कणीस आणायचं, कागदी पुडीत घालायचं, पुडी ओव्हनमध्ये, एकशे पाच अंश, रात्रभर. सकाळी खडखडीत. ज्वारीतली ओल अशीच मोजतात. इथल्या ओव्हनच्या वर, नाकासमोर, लाल अक्षरांत कागद चिकटवलेला होता: चाळीसच्या वर नको. तो मी पहिल्याच दिवशी वाचून मान डोलावली होती. पण वाचतात डोळे, आणि नॉब फिरवतो हात. माझ्या हाताने त्या संध्याकाळी ज्वारी सुकवली.

ती ज्वारी नव्हती. गांजा होता.

एवढं वाचून ज्यांनी अंक मिटलेला नाही त्यांच्यासाठी खुलासा. मी इंग्लंडात, रीतसर सरकारी परवाना असलेल्या एका काचघरात, गांजाच्या झाडांचा पैदासकार आहे. पैदासकार म्हणजे पिकवणारा नव्हे. पिकवणारा पीक काढतो. आम्ही दोन झाडांचं लग्न लावतो, शेकडो पोरं होतात, त्यांतली कामाची दोन-चार ठेवतो. काचघर कुठे आहे ते लिहायची मनाई आहे. रीडिंगच्या आमच्या घरापासून गाडीने पाऊण तास, एवढं सांगतो. कुठल्या दिशेला, ते नाही.

या देशात मी आलो तो बायकोच्या व्हिसावर. वृंदा सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिच्या कंपनीने तिला बोलावलं, आणि मी डिपेंडंट म्हणून मागून आलो. ज्वारीत डॉक्टरेट केलेल्या माणसाची रीडिंगमध्ये कुणाला गरज नव्हती. दोन वर्षं मी उत्तम डबे भरले, मुलीला शाळेत सोडलं, कौन्सिलच्या कोणत्या डब्यात कोणता कचरा जातो याचा सखोल अभ्यास केला. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत लोक विचारायचे, ‘सध्या काय करता?’ तेव्हा मी बटाटेवड्यांच्या रांगेकडे पाहायचो. म्हणून ही नोकरी लागली तेव्हा ती गांजाची आहे की गाजराची, हे मी फार बघितलं नाही. सहा महिन्यांचं प्रोबेशन होतं. ओव्हनचा प्रसंग दुसऱ्या महिन्यातला.

घरच्यांना सांगताना मात्र शब्द जपून वापरावे लागले. सासूबाईंना वृंदाने ‘औषधी वनस्पतींवर संशोधन’ असं सांगितलं. त्यांनी झाडाचा फोटो मागवला आणि फोनवर म्हणाल्या, ‘अहो, ही तर अंबाडी!’ पानं खरंच तशीच दिसतात. आम्ही दोघांनीही तो समज मोडला नाही. त्याची शिक्षा अशी की त्या इथे राहायला आल्या तेव्हा दर शुक्रवारी मला विचारायच्या, कामावरून येताना भाजीपुरती एक जुडी आणता येणार नाही का? गणपतीत मंडळातल्या एका काकांना खरी बातमी कळली आणि त्यांनी मला कोपऱ्यात घेऊन आपला गुडघा दाखवला. थोडा पाला मिळाला तर लेप लावून बघीन म्हणाले. त्यांना सांगितलं की काका, आमच्याकडे बुटाच्या तळाला चिकटून आलेलं पानसुद्धा परत करावं लागतं. ते म्हणाले, मग बूटच आण.

आता थोडं धंद्याचं. लोकांना वाटतं, नशा झाडात असते. जिवंत, कच्च्या झाडात ती जवळपास नसते. झाड घडवतं ती आम्लं. मादीच्या फुलाभोवती बारीक पानं असतात, त्यांच्यावर टाचणीच्या टोकाएवढे चिकट थेंब उभे असतात, प्रत्येक थेंब छोट्याशा देठावर. आम्लं त्या थेंबांत. या सगळ्या आम्लांची एक आई असते. झाड आधी तिला तयार करतं, मग तिच्यातून बाकीची घडवतं. पेटवलं, उकळलं, भाजलं की या आम्लांचा एक तुकडा वायू होऊन उडून जातो, आणि उरतं ते जगाला माहीत असलेलं, नशा आणणारं द्रव्य. एकदा उडाला की उडाला. भाजलेल्या पापडाची पुन्हा लाटी होत नाही.

आमच्या कंपनीला हवी होती लाटी. कच्चं आम्ल भरपूर असलेलं आणि ते टिकवून धरणारं झाड. त्याचा पुढे कुणाला काय उपयोग होईल ते शोधणारी माणसं वेगळी. आम्ही झाड द्यायचं. त्यासाठी प्रत्येक रोपाला नंबर, फुलं तयार झाली की प्रत्येकाचा एक शेंडा कापून पुडीत, पुडी हलक्या उबेत सुकवायची, मग बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवायची. आकडे आले की वरची झाडं ठेवायची आणि खालची नष्ट करायची. नष्ट करणं हाही एक सोहळाच असतो: कापायचं, वजन करायचं, चिवडून पाण्यात कालवायचं आणि हे सगळं एका साक्षीदारासमोर, सह्यांसकट. परवान्यात कुंड्यांची संख्या ठरलेली, त्यामुळे जुनी गेल्याशिवाय नवी रोपं येऊ शकत नाहीत. दया दाखवायला जागाच नसते.

या काचघराची खरी मालकीण होती मॉरीन. कागदोपत्री ती काचघर-मदतनीस. वय बासष्ट, उंची माझ्या खांद्याइतकी, गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं एक भिंग. सायकलवरून यायची. आयुष्य टोमॅटो आणि शेवंतीच्या काचघरांत गेलेलं, शाळा सोळाव्या वर्षी सुटलेली. कुंड्या धुणं, पाणी, छाटणी, कलमं, सगळं तिच्याकडे. मला ती ‘डॉक’ म्हणायची. त्यात टिंगल किती आणि आदर किती, याचा मला वर्षभर अंदाज आला नाही. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण मी मनात तिचं बोलणं मराठीत करून ऐकायचो, आणि मनातली मॉरीन मला पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणाली.

तिचं एक कसब सांगतो. एखाद्या झाडाला पाणी हवंय का, हे आम्ही मीटर खुपसून ठरवतो. ती कुंडी एका हाताने किंचित उचलून ठेवायची आणि पुढे जायची. मी एकदा तिच्या मागे मीटर घेऊन फिरलो. दोन ओळी संपेपर्यंत एकदाही मीटर तिच्याविरुद्ध बोलला नाही. तिसऱ्या ओळीत मीटरची बॅटरी संपली, तिला मात्र दमही लागला नव्हता. मला फक्त एकाच बाबतीत तिने मानलं: फांदीला कागदी पिशवी बांधण्यात. नको तो पराग बसू नये म्हणून फुलाला पिशवी घालतात. ज्वारीच्या कणसांना मी अशा हजारो घातल्या होत्या. माझी घडी आणि टाचणी बघून ती म्हणाली, ‘हे कुणीतरी तुला नीट शिकवलंय.’ त्या एका वाक्यावर मी आठवडाभर जगलो.

तर ओव्हन. त्यात काचघराच्या तिसऱ्या खणातल्या चाळीस झाडांच्या चाळीस पुड्या होत्या. सकाळी मी दार उघडलं तर शेंडे छान कुरकुरीत झालेले. कागदाच्या कडा तांबूस दिसल्या, त्या मला स्वाभाविक वाटल्या. कॉरिडॉरमध्ये वास भरला होता. मी खिडकी उघडली. पुड्या बांधल्या, पाठवल्या, आणि दिवसभर शिट्टी वाजवली. संध्याकाळी घरी आलो तेव्हाही वाजवत होतो. वृंदाने माझ्या हातातून स्वेटर घेतला, ‘धुवायचाच होता’ म्हणाली आणि थेट मशीनमध्ये टाकला.

प्रयोगशाळेचा अहवाल दोन-अडीच आठवड्यांनी आला. तक्ता मी तयार केला, कारण आमचा साहेब गॅरेथ याला एका पानात सगळं लागतं. कच्च्या आम्लाचा रकाना घेतला, वरपासून खालपर्यंत क्रम लावला. पहिल्या दोन खणांतली झाडं वर, तिसऱ्या खणातली सगळीच्या सगळी तळाला. गॅरेथने पान बघितलं, म्हणाला, तिसरा खण वाया गेला, जोडी चुकली असणार. ती जोडी माझ्या येण्याआधी मॉरीनच्या सल्ल्याने लावलेली होती. त्याने गुरुवारची तारीख धरली, साक्षीदार बोलावला. चाळीस कुंड्या जाणार, त्यांच्या जागी शुक्रवारी नवी रोपं. मॉरीनला हे सांगितलं तेव्हा तिने नुसतं भिंग पुसलं.

मंगळवारी दुपारी मी नष्ट करायच्या झाडांची यादी करत होतो. मूळ अहवाल शेजारी उघडा होता. त्यात मी न घेतलेला एक रकाना होता: आम्ल तापून जे होतं, त्याचा. पहिल्या दोन खणांत, ज्यांच्या पुड्या मी सुकवल्या नव्हत्या, तिथे जेमतेम काही होतं. तिसऱ्या खणात तो रकाना भरभरून वाहत होता.

झाडं जिवंत असताना आपणहून अशी भाजली जात नाहीत. मी खुर्चीत बसल्या बसल्या मागे वळून ओव्हनकडे पाहिलं. वरचा लाल अक्षरांचा कागद तिथेच होता. माझा उजवा हात मांडीवर होता, आणि त्याला अजून तो नॉब कुठपर्यंत फिरला होता ते आठवत होतं.

म्हणजे ती झाडं वाईट नव्हती. ती कशी होती हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि परवा ती चिवडून पाण्यात जाणार होती. पुन्हा शेंडे कापून तपासायचे तर दोन आठवडे लागणार, आणि ते थांबवायचं तर गॅरेथला सांगावं लागणार की दोन वर्षांनी मिळालेल्या नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात डॉक्टरसाहेबांनी भिंतीवरचा कागद न जुमानता माल भाजला, आणि वर अहवालातला जो रकाना ओरडून सांगत होता तोच तक्त्यातून गाळला. मला डोळ्यांसमोर बटाटेवड्यांची रांग दिसू लागली.

गॅरेथ त्या दिवशी लंडनला मीटिंगला गेला होता. मी तिसऱ्या खणात गेलो. मॉरीन कुंड्या धूत होती. मी सगळं एका दमात सांगितलं. तिने नळ बंद केला.

‘मला वास आला होता, डॉक,’ ती म्हणाली. ‘त्या सकाळी. दारातून आत पाऊल टाकलं तेव्हाच.’

मला आधी राग आला, हे कबूल करतो. अशा वेळी राग येतो तो बहुतेक दुसऱ्याचाच. मग बोलली का नाहीस?

‘मला वाटलं, तुला माहीत आहे. वास तर केवढा होता. मला वाटलं त्या पुड्या टाकून तू नवीन शेंडे घेशील. दुसऱ्या दिवशी तू इथे कात्री घेऊन उभा होतास, म्हटलं, घेतोय.’ मी त्या दिवशी खालची पानं छाटत होतो. ती पुढे म्हणाली, ‘तू डॉक्टर आहेस. मी कुंड्या धुते. मी येऊन तुला सांगायचं, तुझं करपलंय म्हणून?’

आमच्याकडे केंद्रावर एक नामदेवमामा होते, शेतमजूर. चुकीच्या वाफ्यात मी बी पेरताना ते बांधावर उभे राहून बघत होते आणि संध्याकाळी म्हणाले होते, ‘साहेब, म्हटलं काहीतरी नवीन प्रयोग असंल.’ सात समुद्र ओलांडून मी पुन्हा त्याच बांधावर येऊन उभा होतो.

त्यानंतर मी जे बोललो ते लिहायची लाज वाटते, पण अनुभव लिहायचा तर तेही आलंच. मी म्हटलं, कुंड्यांची संख्या तर तेवढीच राहायला हवी ना. दुसऱ्या खणातली तळाची चार झाडं गुरुवारी घालवू आणि त्यांची लेबलं इकडच्या चांगल्या चार झाडांना लावू. कुणाला कळणार? अर्धं हसत म्हटलं, म्हणजे अंगावर आलं तर गंमत म्हणता येईल.

ती हसली नाही. हात पुसले, खिशातून लेबलांची गड्डी काढली आणि ती माझ्यापासून लांब, नळाच्या पलीकडे ठेवली. लहान मुलाजवळून सुरी उचलून ठेवावी तशी.

‘झाड मेलं तर दुसरं येतं,’ ती म्हणाली. ‘लेबल खोटं झालं की मग तुझ्याकडे आहे ते नुसतं गवत. गॅरेथ सकाळी साडेसातला येतो. मी सातला दार उघडते.’

त्या संध्याकाळी घरी मी काही सांगितलं नाही. शिट्टीही वाजवली नाही. वृंदाने विचारलं, डोकं दुखतंय का, आणि मी हो म्हणालो.

बुधवारी सात वाजून पंचवीस मिनिटांनी मी गॅरेथच्या केबिनबाहेर उभा होतो. मॉरीन समोरून आली, ॲप्रन काढून हातावर घेतलेलं. मी म्हटलं, तू कशाला? ती म्हणाली, ‘माझंही नाक आहे ना यात.’

गॅरेथ वेल्सचा. आवाज चढवत नाही, आणि तेच जास्त भीतिदायक असतं. मी अहवालाचा तो रकाना समोर ठेवला, ओव्हनचं सांगितलं, तक्त्याचं सांगितलं. मग मॉरीनने सांगितलं की तिला त्याच दिवशी कळलं होतं आणि ती गप्प बसली, तेव्हा जे काही लिहायचं ते दोघांच्या नावावर लिही. तिचं तसं नुकसान व्हायची काहीच गरज नव्हती. तिने पुढे होऊन ते ओढून घेतलं, मी तिच्या हातून जड कुंडी घ्यावी तसं. फरक इतकाच की मी अजून एकदाही घेतली नव्हती.

गॅरेथने माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढवलं. मॉरीनला एक शब्दही बोलला नाही. तिला बोलायची त्याची हिंमत नव्हती असं माझं मत आहे. पण गुरुवार काही हलेना. नवी रोपं वाटेत होती, साक्षीदार ठरला होता, आणि संख्या म्हणजे संख्या. त्याने हिशेब केला आणि म्हणाला, नव्या रोपांतली चार मी कमी घेतो. तिसऱ्या खणातली चार ठेवा. दोन तू निवड, दोन मॉरीन निवडेल. आज संध्याकाळपर्यंत.

चाळीसांतली चार, आकड्यांशिवाय. ज्या माणसाने बारा वर्षं आकड्यांवर निवड केली त्याला हे म्हणजे डोळे बांधून सुपारी फोडायला सांगण्यासारखं होतं. मी ओळीतून फिरलो आणि दोन देखणी झाडं निवडली. बारा नंबर आणि चौतीस नंबर. उंच, सरळ, फुलांचे तुरे भरघोस. फोटो काढावा अशी.

मॉरीनला सगळा दिवस लागला. एकेका झाडापाशी गुडघे टेकून, फूल बोटांत धरून, भिंग डोळ्याला. जेवायचा डबा कट्ट्यावर तसाच राहिला. तिचं पहिलं झाड एकोणीस नंबर, ते का, हे तिने सांगितलं नाही. दुसरं सत्तावीस. ते पाहून मी खरंच वाद घातला. वाकडं, बुटकं, एका बाजूला कललेलं, पानं फिकट. लग्नाच्या पंगतीत कोपऱ्यात बसवलेल्या पाहुण्यासारखं.

तिने गळ्यातलं भिंग काढून माझ्या हातात दिलं. आधी माझं बारा नंबर दाखवलं: थेंब काचेसारखे, आरपार. मग सत्तावीस. त्याचे थेंब पांढरे होते. पाण्यात चमचाभर दूध पडल्यावर दिसतं तसे. सगळेच्या सगळे.

मी म्हटलं, म्हातारं झालं असेल, थेंब पिकले की गढूळ होतात.

‘पिकले की पिवळट होतात,’ ती म्हणाली. ‘हे पहिल्यापासून असेच आहेत. मी महिनाभर बघतेय. काय आहे ते मला माहीत नाही, ते तुझं काम. पण हे शेजाऱ्यांसारखं नाही, एवढं मला दिसतं.’

गुरुवारी छत्तीस कुंड्या गेल्या. साक्षीदार सभ्य गृहस्थ होते, प्रत्येक वजन मोठ्याने वाचायचे. कापत होतो मी, मॉरीन नंबर पुकारत होती आणि लेबल काढून बशीत ठेवत होती. तिचा आवाज एकदाही हलला नाही. मला मात्र प्रत्येक नंबरला वाटत होतं की याच्या पुडीत काय होतं ते या जगात आता कुणालाच कळणार नाही, आणि ते माझ्या एका मनगटामुळे. धंद्यात झाडं मरतातच. मी आजवर हजारो घालवली असतील. पण ती मी ओळखून घालवली. ही छत्तीस ओळख न होताच गेली.

उरलेल्या चौघांचे शेंडे या वेळी मॉरीनने सुकवले. मी ओव्हनच्या खोलीत गेलोच नाही. माझी दोन्ही देखणी झाडं साधारण निघाली, तीही खालच्या बाजूची साधारण. एकोणीस बरं होतं. सत्तावीसच्या ओळीत मात्र नेहमीच्या आम्लांच्या जागी जवळजवळ काहीच नव्हतं. मी मनात म्हटलं, झालं, बाईंचं नाक चालतं, डोळे नाहीत. मग शेवटच्या रकान्यात नजर गेली. तो त्या आईचा रकाना, जो इतर झाडांत रिकामाच असतो, कारण आई बाकीच्यांत वाटून संपते. सत्तावीसने तिला वाटलंच नव्हतं. सगळी तशीच ठेवली होती. असं झाड असतं हे मी पुस्तकात वाचलं होतं. आमच्या काचघरात ते कुणी पाहिलेलं नव्हतं. गॅरेथने प्रयोगशाळेला फोन करून पुन्हा तपासायला सांगितलं. पुन्हा तेच आलं.

आज आमच्याकडे आई-आम्लाची जेवढी म्हणून झाडं आहेत ती त्या वाकड्या कुंडीची लेकरं, नातवंडं, पतवंडं. परिषदांत मी तिचे फोटो दाखवतो, लोक टाळ्या वाजवतात, मी नम्रपणे मान झुकवतो. कागदोपत्री निवड कुणी केली या रकान्यात मात्र मॉरीनचं नाव आहे. ते मी लिहिलं. लेबल खोटं झालं की मग नुसतं गवत, हे मला आता पाठ आहे.

गेल्या मार्चमध्ये मॉरीन निवृत्त झाली. ऑफिसमध्ये केक वगैरे झाला, पण मला ते अपुरं वाटलं, म्हणून रविवारी तिला घरी जेवायला बोलावलं. ती सायकल ट्रेनमध्ये घालून रीडिंगपर्यंत आली. वृंदाने पुरणपोळी केली होती. मॉरीनने पोळी आधी हातावर तोलून बघितली, कुंडी उचलतात तशी, मग खाल्ली आणि दुसरी मागितली. जाताना गळ्यातलं भिंग काढून टेबलावर ठेवलं. नाडी नवीन घाल म्हणाली, ही कुजलीय.

जेवताना तिने ओव्हनची गोष्ट सांगितली. वृंदाला छत्तीस झाडांचं माहीत होतं, प्रोबेशनचं माहीत होतं. मी ते तिला सगळं निस्तरल्यावर, सोयीस्कर क्रमाने सांगितलं होतं. वासाचं मात्र मी गाळलं होतं. एक रकाना गाळायची माझी जुनी खोड. मॉरीन हसत हसत म्हणाली, ‘अख्ख्या इमारतीत भरला होता, आणि हा शिट्टी वाजवतोय. मी म्हटलं, डॉक्टर आहे, माहीत असेल.’ वृंदाही हसली, पण जरा कमी.

मॉरीनला स्टेशनवर सोडून मी परत आलो. वृंदा सिंकपाशी होती. मी पुसायला फडकं घेतलं. भिंग अजून टेबलावरच होतं. ती पाठमोरीच बोलली.

‘वास मलाही आला होता रे. स्वेटरला. नुसता करपट. म्हटलं, दोन वर्षांनी माणूस शिट्टी वाजवत घरी आलाय, कशाला विचारा.’